बाहेरची गाठ

हॉलंडातल्या बेस्ट या गावी मुलाकडे येऊन दादारावला पाच आठवडे झाले होते आणि एवढ्या दिवसांत त्याच्या हातून एकही धड काम झालं नव्हतं. भांडी यंत्र घासायचं, कपडे यंत्र वाळवायचं. मागच्या अंगणातलं गवतसुद्धा ताटाएवढं एक यंत्र आपलं आपण फिरून कापायचं आणि दमलं की भिंतीशी जाऊन गप उभं राहायचं. दादाराव काचेच्या दाराआड खुर्ची टाकून त्याच्यावर नजर ठेवायचा. तेवढीच काय ती राखण.

सकाळी आठला मुलगा लोकेश सायकलवर टांग मारून कंपनीत जायचा. सून धम्मदीपा आइंडहोव्हनच्या प्रयोगशाळेत, नात समता शाळेत. मग चारपर्यंत घर असं गप्प, की फ्रिज मध्येच गुरगुरला तरी दादारावला बरं वाटायचं. बायको गयाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती असती तर निदान भांडायला कोणी असतं, असं रोज दुपारी एकदा तरी त्याच्या मनात यायचं. व्हिसा तीन महिन्यांचा होता. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी परतीचं विमान. तोवर दिवस ढकलायचे, एवढाच उद्योग.

सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी लोकेशने सगळ्यांना गाडीत घातलं आणि कालव्यापलीकडच्या माळावर नेलं. तिथे जगभरातली जुनी घरं उभारलेलं उघड्यावरचं संग्रहालय होतं. दादाराव पाठीमागे हात बांधून सगळ्यांच्या मागून चालत होता. पवनचक्की झाली, लाकडी कोठार झालं, कुठल्याशा थंड मुलखातलं मातीचं घर झालं. शेवटच्या वळणावर मात्र तो थबकला.

तिथे एक बुटकं, लांबोडकं घर होतं. भिंती जवळजवळ दिसतच नव्हत्या. गवताचं छप्पर दोन्ही बाजूंनी गोल उतरत जमिनीपासून दोन हातांवर येऊन थांबलं होतं, होडी उलटी घालून ठेवावी तसं. दार लांब बाजूला नव्हतं, टोकाला होतं, आणि आत जायचं तर कंबरेत वाकावं लागलं असतं. समताने पाटी वाचली. चीनच्या खाली हायनान नावाचं बेट आहे, तिथल्या ह्लाय लोकांचं हे घर.

दादारावचं पाटीकडे लक्ष नव्हतं. छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर, पाख्यावर, गवत काळं पडलं होतं. त्याने सरळ मनगटापर्यंत हात आत घातला आणि मूठभर बाहेर काढलं. ओलं, कुजलेलं, दाबलं की चिखल होणारं.

"बाबा, हात नसतो लावायचा," लोकेश दबक्या आवाजात म्हणाला. "लोक बघतायत."

"सडलं हे. पार आतून सडलं."

"असू दे ना. आपलं आहे का?"

तेवढ्यात निळा डगला घातलेला एक उंच म्हातारा लांब ढांगा टाकत आला. तो हेंक, तिथल्या घरांची देखभाल करणारा. आला होता रागवायलाच, पण दादारावच्या मुठीतलं गवत बघून त्याचा चेहरा उतरला. तो समताशी डचमध्ये बोलू लागला. समताला मराठी कळायचं सगळं, बोलताना मात्र ती अडखळायची.

"तो म्हणतो, त्याला माहीत, आजोबा. ऑक्टोबर एंडला कमिटी येणार. छप्पर नीट नाही तर हे घर काढून टाकणार. पण असं काम करणारं कोणी नाही. एकच बाई येते."

हेंक दादारावच्या हातांकडे बघत होता. बघता बघता त्याने लोकेशला काहीतरी विचारलं. लोकेश हसला, मान हलवून काही बोलला आणि समताचा हात धरून पुढे निघाला.

"काय म्हनला तो?"

"तुम्हाला हे काम येतं का विचारत होता. मी सांगितलं, नाही, रिटायर्ड आहेत."

दादाराव मुठीतलं गवत टाकून त्यांच्यामागे निघाला. गाडीत बसल्यावर त्याने हाताचा वास घेतला. कुजक्या गवताचा वास इथेही तोच होता.

सोमवारी घर रिकामं झाल्यावर त्याने लोकेशचे जुने बूट पायात चढवले आणि कालव्याच्या काठाने निघाला. छान सपाट लाल रस्ता होता, म्हणून त्यावरून चालू लागला, तर मागून घंटा वाजायला लागल्या. एक बाई सायकल वळवून जाताना त्याच्यावर ओरडली. लाल रस्ता सायकलींचा, पायी माणसाचा नाही, हे त्याला तिसऱ्या घंटेला समजलं. मग तो कडेच्या ओल्या गवतातून चालत राहिला. पोचायला सव्वा तास लागला आणि मोजे पिळून काढावे लागले.

हेंकने त्याला ओळखलं. दादारावने हातानेच दाखवलं, असं कापतो, असं बांधतो. हेंकने कॉफी दिली, मसाल्याच्या केकची एक चकती दिली आणि फोन तोंडासमोर धरून बोलला. फोन मराठीत बोलू लागला, रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात.

"आपण हे कार्य करण्यास इच्छुक आहात काय?"

दादारावला हसू फुटलं. पाच आठवड्यांत पहिल्यांदाच कोणी त्याला असं रीतसर विचारलं होतं. "हो, आहोत इच्छुक," तो फोनला म्हणाला.

गोठ्यासारख्या एका शेडमध्ये सगळं सामान पडलं होतं. लांब पात्याचं वाळलेलं गवत, बांबूच्या कामट्या, वेताच्या साली. दादाराव आयुष्यभर गवताच्या पेंढ्या बांधत आला होता. इथे पेंढ्या नव्हत्या. गवत कामटीवर दुमडून, आवळून त्याचे लांबरुंद झाप केलेले होते. कोणीतरी हुशार माणसाने केलेत, हे त्याला बघताक्षणी कळलं. त्याने एक बांबू चिरून हातभर लांबीची दाभण तासली, टोकाला नेढं पाडलं आणि कामाला लागला.

हेंकने दार उघडून त्याला आत जायची खूण केली, तर दादाराव मान हलवून शिडीपाशीच उभा राहिला. त्याला सवयच नव्हती. शेवटी हेंक स्वतः आत गेला आणि बाहेरून आलेली दाभण आतून परत ढकलत बसला. सोमवार-मंगळवार मिळून दादारावने खालच्या तीन ओळींचं सडकं गवत उपसून काढलं आणि नवे झाप आवळून बांधले. तळहाताची सालटं निघाली. पण त्या दोन्ही रात्री त्याला कूस न बदलता झोप लागली. घरी त्याने काहीच सांगितलं नाही. फिरायला जातो, एवढंच म्हणाला.

बुधवारी ती बाई आली.

साठीची असावी. बुटकी, दंड भरलेले, डोक्याला रुमाल. तिने छपराला एक फेरी मारली, आत गेली, बाहेर आली आणि खुरप्याएवढा विळा काढून दादारावने मारलेल्या गाठी एकेक करून तोडायला लागली. दादाराव शिडीवरून घाईने उतरला.

"ओ बाई, काय करून रायल्या? काहून तोडता?"

तीही तेवढ्याच ठसक्यात तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि पुढची गाठ तोडली. हेंक फोन घेऊन धावत आला. ती डचमध्ये बोलली, फोन मराठीत बोलला.

"गाठ बाहेर आहे. गाठ आतमध्ये असावयास हवी. ही गाठ कोणी शिकवली?"

"बापानं शिकवली," दादाराव फोनवर खेकसला. "चाळीस वर्षं बांधली. एक छप्पर गळलं नाई. विचारा म्हना गावात जाऊन."

तिने ते ऐकून घेतलं. मग विळा कमरेला खोचला, दादारावचं मनगट धरलं आणि त्याला दाराकडे नेलं. दारात तो अडला. ती वाकून आत गेली, तरी मनगट सोडलं नाही, तेव्हा त्यालाही वाकावं लागलं.

आत अंधार होता आणि चोपून काढलेल्या मातीचा गारवा होता. मधोमध तीन उंच खांब, दोन्ही अंगांना तीन-तीन बुटके. एका बाजूला तीन दगडांची चूल, थंड. तिने बोट वर केलं. दक्षिणेच्या पाख्याला तिच्या हातच्या गाठी ओळीने आत दिसत होत्या. मग तिने चुलीकडे दाखवलं, हात वर वर नेत धूर दाखवला आणि गाठीवर बोट टेकवलं. फोन मधूनमधून भर घालत होता. तिच्या गावी चूल दिवसभर जळायची. धूर वर जाऊन गाठीवर बसायचा, वेत काळा होऊन लोखंडासारखा घट्ट व्हायचा, किडा शिवायचा नाही. इथे जाळ करायची परवानगी नाही म्हणून गवत सडतं. त्यात गाठ बाहेर ठेवली तर संपलंच.

"आपल्या देशात घरामध्ये चूल नसते काय?" फोनने विचारलं.

"असते."

"मग गाठ बाहेर का?"

दादारावने वर तिच्या गाठींकडे बघितलं. तो खांबाला टेकून खालीच बसला.

गावात शाकारणीचं काम त्याच्या घराण्याकडे होतं. पाऊस लागायच्या आधी महिनाभर बाप आणि तो पाटलाच्या, देशमुखाच्या, वाण्याच्या घरांवर चढलेले असायचे. आत घरचा गडी बसायचा. त्याने फक्त आलेली दाभण परत ढकलायची. गाठ बाप मारायचा, बाहेरून. गाठ नेहमी नजरेसमोर पाहिजे, असं बाप म्हणायचा, आणि दादारावने ते मंत्रासारखं पाठ केलं होतं. आत चूल होती, देव होते. खालच्या वस्तीतल्या माणसाचा हात तिथे पोचायला नको, म्हणून गाठ बाहेर. एवढी साधी गोष्ट. बापाला ती माहीत असणार. पोराला ती सांगायची त्याला लाज वाटली असणार, म्हणून त्याने तिचं कसब करून टाकलं. आणि दादारावने चाळीस वर्षं ते कसब मिरवलं. पुढे तो बाबासाहेबांच्या जयंतीच्या मिरवणुकीत पुढे चालला, विहारासाठी विटा वाहिल्या, पोराला इंजिनिअर केलं, आणि हातांना मात्र त्यातलं काही कळलंच नव्हतं. स्वतःच्या झोपडीवरसुद्धा त्याने गाठ बाहेरूनच मारली होती. आत गयाबाई नुसती दाभण परत ढकलायची.

त्याला राग आला, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. परक्या बाईपुढे रडायची वेळ यावी याची त्याला फार लाज वाटली. "आमाले आत येऊ देत नव्हते," तो फोनला म्हणाला.

फोनने ते डचमध्ये सांगितलं. बाईने कमरेचा विळा काढून बाजूला ठेवला. मग तिने वेताची एक साल घेतली, त्याच्या समोर उकिडवी बसली आणि गाठ कशी मारायची ते दोनदा सावकाश करून दाखवलं.

तिचं आडनाव फू होतं. दादाराव तिला फूबाई म्हणू लागला, आणि हेंकने सांगितलेलं त्याचं लांबलचक नाव तोडून ती त्याला 'दादा' म्हणायला लागली. ती एका वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात काम करायची. तिचा नवरा रॉटरडॅमच्या बोटीवर इंजिनात होता, तो तिला या देशात घेऊन आला आणि आठ वर्षांपूर्वी वारला. मूलबाळ नाही. गावातली माणसं कधीच विटांच्या घरांत राहायला गेली होती, तिच्या आईबापाचं घर रिकामं पडून पावसात बसलं होतं. फोनला चिनी यायची, पण तिची ह्लाय भाषा काही येत नव्हती. ती भाषा बोलायला या देशात तिला कोणीच नव्हतं. ती कधीकधी खांबाशी बोलायची, दादारावने दोनदा ऐकलं.

एकदा तिने सांगितलं, मधले तीन उंच खांब म्हणजे पुरुष आणि कडेचे सहा बुटके म्हणजे बायका.

"आमच्या घरी उलटं होतं," दादाराव म्हणाला. "गयाबाई माह्यापेक्षा चार बोटं उंच." फोनने ते सांगितल्यावर फूबाई तोंडाला रुमाल लावून हसली.

ती सकाळची पाळी संपवून रोज यायला लागली. एक जण बाहेर, एक जण आत. दुपारपर्यंत हेंकला आत ढकलायला बसवून दादाराव बाहेर, आणि ती आली की कधी तो आत, कधी ती. मध्ये वीतभर गवताची भिंत. एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. दाभणीचं टोक गवतातून सळसळत यायचं, ते ओढायचं, वेत फिरवायचा, परत ढकलायचं. दोनदा ठोकलं की ओढ, एकदा ठोकलं की थांब. कधी पलीकडून टोक यायला उशीर व्हायचा. तेवढ्यात दादारावला वाटायचं, गेली ही, आपण एकटेच छपराला चिकटून बसलोय. मग टोक हलायचं आणि तो पुन्हा कामाला लागायचा. वाऱ्याबरोबर आडवा पाऊस यायचा, बोटांना भेगा पडल्या, गुडघ्यांना फूबाईने कसलंसं तिखट वासाचं तेल दिलं. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा सरला तेव्हा दोन्ही पाखे पुरे झाले होते. फक्त आढं राहिलं होतं, छपराची वरची कडा, जिथे दोन पाखे भेटतात.

आणि तेव्हाच धम्मदीपाला तो फोटो दिसला. संग्रहालयाने आपल्या पानावर टाकला होता. दादाराव शिडीवर, तोंडात दाभण धरलेली. तिने जेवताना हसत हसत फोन लोकेशपुढे केला. "बाबा बघ फिरायला कुठे जातात ते."

लोकेशने हातातली पोळी खाली ठेवली. "कधीपासून चाललंय हे?"

"चार हप्ते झाले."

"बाबा, तुम्ही व्हिजिट व्हिसावर आहात. व्हिजिट व्हिसावर काम नाही करता येत. माझा पर्मनंट रेसिडेन्सीचा अर्ज दिलेला आहे. उद्या त्यांनी हा फोटो दाखवून विचारलं तर मी काय सांगू?"

"कोनाची चाकरी थोडीच करून रायलो? कॉफी पेतो अन् बांधतो."

"त्यांना तसं नाही कळत. नियम म्हणजे नियम."

"आढं राह्यलं, लोकेश. आढ्याबिगर पानी सरळ आत जाईन. सगळं केलेलं मातीत."

"राहू दे. त्यांचं घर आहे, ते बघतील."

दुसऱ्या दिवशी तो फोटो पानावरून काढून टाकला गेला. दादाराव पुन्हा काचेच्या दाराआड बसला. पाच दिवस पाऊस लागून राहिला. गवत कापायचं यंत्रही भिंतीशी मुकाट उभं होतं. आढ्यावर निळी ताडपत्री टाकली असेल, ती वाऱ्याने उडाली असेल, आत थेंब कुठे पडत असेल, हे तो मनात खांब मोजून ठरवत राहिला. जेवण जाईना. धम्मदीपाने अल्बर्ट हाइनच्या दुकानातून त्याच्यासाठी वांगी आणून भरीत केलं, तर ते ताटातच राहिलं.

पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातलं बोलणं त्याच्या कानावर आलं. "दहा दिवस राहिलेत त्यांचे," धम्मदीपा म्हणत होती. "झुरतायत ते घरात. मी हेंकशी बोलले. नाव, फोटो, काही येणार नाही म्हणतो."

मग लोकेश बाहेर आला आणि सोफ्याच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला.

"जा तुम्ही. पण कुठे नाव नको, फोटो नको. कोणी विचारलं तर बघायला येता, एवढंच सांगायचं."

"बरं."

"माझ्यासाठी नाही म्हणत, बाबा. समताचं इथे सगळं आयुष्य आहे."

"बरं म्हनलं ना."

दादारावला त्यात वावगं वाटलं नाही. कागद म्हणजे कागद. कागदासाठी माणसाला काय काय करावं लागतं ते त्याला माहीत होतं. नाव कुठे येणार नाही याचं दुःख करायला त्याचं नाव आजवर कुठल्या घरावर होतं.

शनिवारी दोघांनी आढं बांधलं. दादाराव आढ्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसला, फूबाई आत शिडीवर उभी. उत्तरेचा वारा सुटला होता, त्याच्या टोपीचे कान फडफडत होते. जाड झाप दोन्ही बाजूंना वाकवून बसवायचा, थापीने ठोकायचा, दाभण खाली सोडायची. बत्तीस गाठी. सगळ्या आत. शेवटची गाठ मारून फूबाईने आतून दोनदा ठोकलं, पण दादारावच्या हातात आता ओढायला काही नव्हतं. त्यानेही दोनदा ठोकलं. मग त्याला खाली उतरता येईना, गुडघे धरले होते. हेंकने आणि फूबाईने मिळून त्याला उतरवलं.

बुधवारी कमिटी आली, पाणी ओतल्यासारखा पाऊस पडून गेलेला असूनही आतली जमीन कोरडी बघून गेली. घर राहणार होतं. येत्या रविवारी ते लोकांना खुलं करायचं आणि अग्निशमन दलाचा माणूस पाइप घेऊन उभा करून तासभर चूल पेटवायची, असं ठरलं. दादारावचं विमान त्यानंतरच्या मंगळवारी होतं.

रविवारी सगळं घर गेलं. लोकेशचा मित्र अनिमेष अ‍ॅमस्टरडॅमहून शनिवार-रविवार राहायला आला होता, तोही बरोबर होता. तिथल्या झुइडास भागातल्या एका बँकेत कामाला, मूळचा पुण्याचा, वागायला गोड. आल्यापासून तो दादारावला 'काका, काका' करत होता. छपरासमोर येताच तो थांबला आणि मान तिरकी करून बघू लागला.

"काय काम आहे रे. कोणी केलं हे?"

"असतील इथलेच कोणी व्हॉलंटियर्स," लोकेश म्हणाला.

दादाराव बाजूलाच उभा होता. पाटीवर काम करणारे म्हणून फूबाईचं नाव होतं, हेंकचं होतं. ते ठरल्याप्रमाणेच होतं. पण अनिमेष काही सरकारी माणूस नव्हता. त्याच्या हातात कुणाचा अर्ज नव्हता. त्याला सांगायला कुठला नियम आड येत होता, हे दादारावला काही केल्या लक्षात येईना. तो त्याच विचारात अडकून उभा राहिला.

तेवढ्यात दारातून धुराबरोबर फूबाईचं डोकं बाहेर आलं. "दादा," तिने हाक मारली आणि हातातली दाभण दाखवली. कोणा पाहुण्याने टोकाशी ओढून बघितलं होतं, एक गाठ सुटली होती. दादारावने एकदा लोकेशकडे बघितलं आणि वाकून आत गेला.

चूल धडधडून पेटली होती. धूर वर जाऊन गाठीगाठींत घुटमळत होता. फूबाई वेत घेऊन बाहेर गेली, तो आत थांबला. टोक आलं, त्याने ओढलं. पलीकडे उभ्या माणसांचं बोलणं गवतातून स्वच्छ ऐकू येत होतं.

"काकांना ओळखते ती बाई?" अनिमेष विचारत होता.

"अरे, हौस आहे त्यांना असल्या गोष्टींची. दिवसभर वेळ जात नाही ना."

"मस्तच. गावी काय करायचे ते?"

"ग्रामपंचायतीत होते. ऑफिसात."

"मग तुमचं घर असं होतं का, छपराचं?"

"छे. पक्कं होतं आमचं."

दादाराव ग्रामपंचायतीच्या ऑफिसात कधी बसला नव्हता. पत्रे आले, शाकारणी बुडाली, तेव्हा तो गावाच्या टाकीचं पाणी सोडायला लागला. आणि लोकेश ज्या घरात जन्मला त्याला कूड होता आणि वर गवत होतं. आता त्याला सगळं समजलं. कागदाची गोष्ट खरी होती, पण तेवढीच खरी नव्हती. बापाने आपल्यापासून जी लाज लपवली, ती या पोराला कुठूनतरी कळली होती, आणि त्यानेही ती तशीच झाकून ठेवली होती. दादारावने गाठ मारली, दोनदा खेचून बघितली आणि डोळे पुसत बाहेर आला.

"काका, भारी हौस आहे हां तुम्हाला," अनिमेष म्हणाला.

"हौस नाई, बापू. धंदा होता. चाळीस वर्षं केला. आमच्या गावात एक घर नाई ज्याच्यावर मी बसलो नाई. अन् एक घर नाई ज्याच्यात बसलो. हे छप्पर मीच बांधलं, ह्या बाईसंगं."

अनिमेषच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच राहून गेलं. "सॉरी काका," तो म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"तुले माहीत असाचं कारन नाई. त्याले हाय."

 लोकेशचे कान लाल झाले होते. शाळेत फी माफीच्या रांगेत उभं केलं की असेच व्हायचे. त्याने समताला हाताला धरलं आणि पार्किंगच्या दिशेने चालायला लागला. धम्मदीपा जरा वेळ घोटाळली, मग त्यांच्या मागून गेली. अनिमेष कॉफी आणतो म्हणाला आणि आणायला गेला तो बराच वेळ आला नाही.

दादाराव पुन्हा आत गेला आणि चुलीजवळ बसला. आपण बोललो ते बरं केलं की वाईट, हे त्याला ठरवता येईना. पोराचा राग येत होता आणि त्याच्याबद्दल माया दाटून येत होती, दोन्ही एकाच वेळी. फूबाईने त्याच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि स्वतः पलीकडे बसून जाळ सारत राहिली. पाहुणे येत होते, वर बघत होते, जात होते. हळूहळू ते थांबले. अग्निशमनचा माणूस घड्याळ बघत दारापासून जरा लांब जाऊन उभा राहिला.

मग दारात बूट दिसले. दार बुटकं, त्यामुळे गुडघ्यांच्या वरचा माणूस दिसत नव्हता, पण बूट लोकेशचे होते.

"बाबा, चला. सगळे गाडीत थांबलेत."

"आत ये," दादाराव म्हणाला. "जरा बस. ऊब हाय."

बूट जागचे हलले नाहीत.

"उशीर होतोय, बाबा."

"वाकून ये. दोन मिनिटं."

 बूट तिथेच होते, एक जरासा पुढे, एक मागे. आत यायला त्याला कोणी अडवलं नव्हतं. दादारावने चहा संपेपर्यंत वाट बघितली, मग जमिनीवर हात टेकून उठला.